शेतकऱ्याच्या हातांतील नवा स्मार्टफोन : पहिली पारख

कोणतेंहि नवें औत घरीं आलें म्हणजे त्याची पारख तीन ठिकाणीं होते. पहिली दुकानांत, दुसरी ओट्यावर आणि तिसरी शेतांत. पहिल्या दोन ठिकाणीं रंग व किंमत यांचीच चर्चा होते. काम कसें होतें तें तिसऱ्या ठिकाणीं कळतें. स्मार्टफोन हें आतां शेतकऱ्याच्या घरांतील एक औतच झालें आहे, परंतु त्याची पारख बहुधा दुकानांतच आटोपते. विकणारा मेगापिक्सेलचे आंकडे सांगतो, घरांतील तरुण मंडळी चकाकी पाहतात, आणि पैसे देणारा शेतकरी मान डोलावतो.

असा एक मध्यम किंमतीचा नवा फोन आम्हीं या हंगामांत घेतला, व सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील शेतांवर नेऊन वापरून पाहिला. तो कोणत्या कारखान्याचा हें येथें सांगत नाहीं. कारण एखाद्या मालाची शिफारस करणें हा आमचा हेतु नसून, शेतकऱ्यानें हें यंत्र कोणत्या दृष्टीनें पाहावें एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

नांगर आणि फोन

नव्या साधनाविषयीं लोकांचें पहिलें मत कसें बनतें याचें बोलकें उदाहरण आपल्याच मुलुखांत घडलें आहे. कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवीं लोखंडी नांगर बनविण्यास आरंभ केला, तेव्हां लोखंडाच्या स्पर्शानें जमीन विषारी होते अशी समजूत शेतकरीवर्गांत होती, आणि पहिले नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. पुढें १९१० सालीं औंध संस्थानचे अधिपति श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांच्या आश्रयानें कुंडल रोड स्टेशनाजवळ त्यांचा कारखाना उभा राहिला. तीच आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यांतील किर्लोस्करवाडी होय. नांगराविषयींचा संशय जाहिरातीनें गेला नाहीं, जमिनीनें घालविला. नांगरट खोल झाली, हरळी व कुंदा मुळासकट निघूं लागला, आणि मग कोणीं विषाचें नांव काढलें नाहीं.

फोनाची गोष्ट याच्या अगदीं उलट आहे. भारतांत मोबाईलवरील पहिलें संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं झालें. अँड्रॉइड पद्धतीचा पहिला फोन २००८ सालीं जगाच्या बाजारांत आला. आपल्याकडे २०१६ च्या सप्टेंबरापासून डेटाचे दर एकाएकीं उतरले, आणि त्यानंतर कांहीं वर्षांतच हें यंत्र वाड्यावस्त्यांवर जाऊन पोहोंचलें. त्याविषयीं कोणीं शंका घेतली नाहीं. नांगराच्या वाटेंत संशय आडवा आला होता; येथें मोहानें वाट मोकळी करून दिली. म्हणून नांगरास जे प्रश्न विचारले गेले ते आज फोनासहि विचारले पाहिजेत : हा माझें कोणतें काम करतो, तें किती अचूक करतो, आणि कोठें याचा भरंवसा धरूं नये?

ऊन, पाणी आणि माती

दुकानांतील उजेड चार-पांचशें लक्सचा असतो. चैत्रांतील भर दुपारचें ऊन एक लाख लक्सच्या घरांत जातें. दुकानांत लखलखणारा पडदा बांधावर काळा आरसा कां होतो याचें कारण एवढेंच आहे. आमच्या फोनावरील अक्षरें दुपारीं वाचतां आलीं, परंतु त्यासाठीं पडद्याचा उजेड पूर्ण वाढवावा लागला. तसें केलें कीं बॅटरी लवकर उतरते, फोन तापतो, आणि तापल्यावर तो आपण होऊनच उजेड कमी करतो. म्हणून फोन घेण्यापूर्वीं तो दुपारीं दुकानाबाहेर उन्हांत नेऊन त्यावर एखादा सातबारा वाचून पाहावा. अक्षरें मोठीं करण्याची सोय प्रत्येक फोनांत असते. वयस्कर माणसांस ती पहिल्याच दिवशीं करून द्यावी.

पडद्यास बोट लागल्याचें कळतें तें दाबामुळें नव्हे. आपल्या शरीरांतून वीज वाहूं शकते, आणि बोट टेकतांच पडद्याखालील सूक्ष्म विद्युत्‌भारांत फरक पडतो. त्यावरून बोटाची जागा ओळखली जाते. पाण्याचा थेंबहि असाच फरक पाडतो. यामुळें पावसांत किंवा दारें धरतांना ओल्या हातानें फोन भलतेंच उघडतो. हा यंत्राचा बिघाड नव्हे. हात व पडदा कोरडा पुसला कीं काम सुरळीत होतें.

पेटीवर आय-पी ६७ किंवा ६८ असा आंकडा असतो. त्यांतील पहिला अंक धुळीपासूनचें संरक्षण दाखवितो व दुसरा पाण्यापासूनचें. ६७ याचा अर्थ फोन एक मीटर खोल गोड्या पाण्यांत अर्धा तास राहिला तरी निभावतो. ही परीक्षा स्वच्छ पाण्याची आहे, औषधाच्या पाण्याची नव्हे. येथें एक गोष्ट कळकळीनें सांगितली पाहिजे. द्राक्षबागेंत फवारणी चालू असतां त्याच हातानें फोन घेणें अतिशय घातक आहे. तोच फोन पुढें कानास लागतो, जेवतांना जवळ असतो, आणि संध्याकाळीं लहान मुलाच्या हातीं जातो. फवारणी संपून साबणानें हात धुईपर्यंत फोनास हात लावूं नये.

बॅटरी

आजच्या साधारण फोनाची बॅटरी ५,००० मिलिअँपिअर-तासांची असते. एक युनिट विजेंत असा फोन सुमारें ४० वेळां भरतां येतो. म्हणजे खर्चाचा प्रश्न नाहीं, प्रश्न आहे तो वेळेवर वीज असण्याचा. ज्यास पंपाची वीज रात्रीच्या पाळींत मिळते, त्यास विहिरीवर जातांना फोनाचा दिवा लागतो आणि मोबाईल स्टार्टर असेल तर मोटर चालू-बंद करावयासहि फोनच लागतो. बॅटरी नेमकी तेव्हां संपली तर साराच खोळंबा होतो.

या बॅटऱ्या लिथियम-आयन जातीच्या असतात व उष्णता हा त्यांचा मोठा शत्रु आहे. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा उन्हांत उभ्या केलेल्या मोटारसायकलच्या डिकींत फोन ठेवल्यास तिचें आयुष्य घटतें. ती पूर्ण रिकामी होऊं देणें किंवा रोज शंभर टक्क्यांवर रात्रभर लावून ठेवणें हेंहि टाळावें. पुराच्या दिवसांत मात्र हा नियम सोडून फोन नेहमीं पूर्ण भरलेला ठेवावा.

रेंज

रेडिओच्या लहरींस डोंगर अडवितो. पाटण, जावळी व महाबळेश्वर तालुक्यांच्या खोऱ्यांतून फिरतांना एका वळणावर रेंज असते व पुढच्या वळणावर नसते, याचें कारण हेंच. शिवाय सर्व लहरी सारख्या नसतात. ७०० ते ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी लांबवर पोहोंचतात. ५-जीसाठीं वापरल्या जाणाऱ्या ३,३०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी पुष्कळ माहिती वाहून नेतात, पण टॉवरापासून थोड्याच अंतरापर्यंत. म्हणून '५-जी फोन' या शब्दानें भुलून जाण्याचें कारण नाहीं. आपल्या शिवारांत कोणत्या कंपनीची रेंज येते तें शेजाऱ्यांचे फोन घेऊन प्रत्यक्ष शेतांत उभें राहून पाहावें आणि त्याप्रमाणें सिमकार्ड निवडावें. कराडच्या किंवा मिरजेच्या बाजारांत मिळालेल्या रेंजेवरून शेतांतील रेंजेचा अंदाज करतां येत नाहीं.

पिकाची नोंद : सर्वांत महत्त्वाचें काम

फोनाच्या अनेक उपयोगांत शेतकऱ्याच्या हिताशीं ज्याचा सर्वांत निकट संबंध आहे तो ई-पीक पाहणीचा. गांवनमुना सात म्हणजे जमिनीच्या हक्काची नोंद, आणि गांवनमुना बारा म्हणजे त्या जमिनींत कोणतें पीक आहे याची नोंद. ही दुसरी नोंद पूर्वीं तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर ती शेतकऱ्यानें आपल्या फोनावरून स्वतः करावयाची सोय झाली. शेतांत उभें राहून पिकाचें नांव व क्षेत्र भरावयाचें आणि छायाचित्र काढावयाचें, एवढेंच हें काम आहे. मुदतींत शेतकऱ्याकडून न झालेल्या नोंदीसाठीं गांवपातळीवर सहायक नेमण्याची व्यवस्था आहे. पण आपल्या पिकाची माहिती आपल्याइतकी दुसऱ्या कोणास असणार?

पीककर्ज, पीकविमा, हमीभावाची खरेदी आणि आपत्तींतील भरपाई या प्रत्येक प्रसंगीं ही नोंद पाहिली जाते. २०१९ च्या ऑगस्टांत सांगलीस आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ५७ फुटांवर चढलें; तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ च्या जुलैंत पुन्हां महापूर आला. पुराचें पाणी ओसरल्यावर शेतांत राहतो तो चिखल. त्याखालीं सोयाबीन होतें कीं भुईमूग, हें डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं. अशा वेळीं पूर येण्यापूर्वीं काढलेलें, तारीख व जागा नोंदलेलें छायाचित्र हीच शेतकऱ्याची साक्ष असते. नदीकांठच्या शेतकऱ्यानें तर 'उद्यां करूं' हा शब्द या बाबतींत उच्चारूंच नये. कारण खरिपाच्या पाहणीचे दिवस आणि कृष्णा-वारणेच्या पुराचे दिवस जवळजवळ एकच असतात.

हें काम करतांना फोन आपली जागा कशी ओळखतो तें समजून घेतलें तर पुष्कळ त्रास वांचतो. सुमारें २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत वेळेचे संकेत पाठवितात. निदान चार उपग्रहांचे संकेत किती वेळानें पोहोंचले यावरून फोन आपली जागा गणितानें काढतो. मोकळ्या आकाशाखालीं यांत सुमारें पांच मीटरांची चूक राहते. दहा फूट वाढलेल्या उंसांत, आंब्याखालीं किंवा भिंतीलगत संकेत अडतात अथवा आपटून उशिरा येतात, आणि चूक वाढते. मग फोन आपणांस शेजाऱ्याच्या गटांत उभें असल्याचें दाखवितो. याकरितां उंसाच्या फडांत न शिरतां बांधावर मोकळ्या जागीं उभें राहावें, ॲप उघडून एक-दोन मिनिटें थांबावें, आणि मग छायाचित्र काढावें. रेंज नसल्यास नोंद फोनांत साठवून रेंजेंत आल्यावर पाठवितां येते. मात्र ती खरोखर पोहोंचली कीं नाहीं तें त्याच दिवशीं पाहावें, आणि पुढें सातबाऱ्यावर उमटली कीं नाहीं तेंहि पाहावें. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत फोनावरच मिळतो व तो कायदेशीर कामांस चालतो.

क्षेत्राची मोजणी

बांधाबांधानें चालून शेताचें क्षेत्र सांगणारीं ॲपें पुष्कळ आहेत. तीं मशागतीच्या व बियाण्याच्या अंदाजास चांगलीं आहेत, हद्दीच्या तंट्यास नाहींत. याचा हिशेब सोपा आहे. दहा गुंठ्यांचा चौरस तुकडा सुमारें ३२ मीटर लांब व तितकाच रुंद असतो. त्याची एक बाजू पांच मीटरांनीं चुकली तर दीड गुंठ्याहून अधिक फरक पडतो. म्हणजे शेंकडा पंधरा-सोळा. शंभर मीटर बाजूच्या एक हेक्टर शेतांत तीच चूक शेंकडा पांच भरते. शेत जितकें लहान तितकी चूक मोठी. भाऊबंदकीच्या वादांत फोनावरील आंकडा दाखवून भांडूं नये. त्यासाठीं भूमि-अभिलेख खात्याची मोजणीच मागवावी.

पाऊस आणि वीज

फोनावरील हवामानाचा अंदाज सर्वांत आधीं पाहिला जातो आणि सर्वांत अधिक चुकीचा समजला जातो. एकट्या सातारा जिल्ह्यांत महाबळेश्वरीं वर्षास ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि माण तालुक्यांत ५०० मिलिमीटरांच्या आसपास. अशा जिल्ह्याचा एकच अंदाज कोणाच्या कामास येणार? म्हणून फोनांत आपल्या गांवाची किंवा तालुक्याची जागा नीट भरलेली आहे ना, हें आधीं तपासावें. २०१९ सालीं सुरू झालेल्या 'मेघदूत' ॲपावर दर मंगळवारीं व शुक्रवारीं शेतीचा सल्ला मिळतो. फळछाटणीनंतरच्या द्राक्षबागेस आणि फेब्रुवारी-मार्चांत शेडवर बेदाणा टाकणाऱ्या तासगांव-कवठेमहांकाळकडील बागाइतदारांस दोन दिवस आधीं मिळालेली पावसाची चाहूल मोलाची असते. तरीहि अंदाज म्हणजे संभव, हें विसरूं नये.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें तयार केलेलें 'दामिनी' ॲप मात्र प्रत्येक शेतकऱ्याच्या व मेंढपाळाच्या फोनांत असावें असें आमचें मत झालें. आपल्या भोंवतीं २० व ४० किलोमीटरांच्या आंत विजा पडत आहेत काय हें तें दाखवितें. वळवाच्या पावसांत रानांत असलेल्या माणसास एवढी सूचना पुरते. झाड सोडून पक्क्या घराचा आसरा घ्यावा. फोन जवळ असल्यानें वीज अंगावर येते ही समजूत खरी नाहीं. वीज उंच झाड व उघड्या माळावरील एकटा माणूस पाहते, त्याच्या खिशांतला फोन नव्हे.

रोगाचें छायाचित्र

केंद्र सरकारनें १५ ऑगस्ट २०२४ रोजीं छायाचित्रावरून कीडरोग ओळखण्याची एक राष्ट्रीय व्यवस्था सुरू केली. तज्ज्ञास छायाचित्र पाठवून सल्ला घेण्याची पद्धति तर द्राक्षबागाइतदारांत आधींपासूनच आहे. परंतु सल्ला छायाचित्राइतकाच खरा असतो. केवड्याची पांढरी बुरशी पानाच्या खालच्या बाजूस असते, म्हणून पान उलटें करून छायाचित्र घ्यावें. भुरीसाठीं वरची बाजूहि घ्यावी. एक चित्र जवळून व एक सबंध वेलाचें असावें. फोनाचा कॅमेरा रंग आपल्या अकलेनें 'सुधारतो'. त्यामुळें पिवळसर पान हिरवें व हिरवें पान पिवळें दिसूं शकतें. यावर उपाय असा कीं पान सावलींत धरून शेजारीं पांढरा कागद ठेवावा. पाहणाऱ्यास खऱ्या रंगाचा अदमास येतो. आणि जें जमिनीखालीं आहे तें कॅमेऱ्यास दिसत नाहीं. उंसाची हुमणी किंवा हळदीची कंदकूज पाहावयाची तर खुरपें घेऊन वाकावेंच लागतें.

लुबाडणूक

२०१६ पासून यू-पी-आयमुळें फोन हीच पैशाची थैली झाली आहे. थैली उघडी टाकून कोणी बाजारांत हिंडत नाहीं. फोन मात्र आपण तसा हिंडवितों. 'पी-एम किसानचा हप्ता अडकला आहे, ही फाईल उघडा' असा संदेश व्हॉट्‌सॲपवर येतो, ती ए-पी-के फाईल उघडली कीं फोनाचा ताबा दुसऱ्याच्या हातीं जातो व खातें रिकामें होतें. दोन नियम पाठ असावे. पैसे घेण्यासाठीं पिन कधींच लागत नाहीं. तो केवळ देण्यासाठीं लागतो. आणि संदेशांतून आलेलें ॲप कधींहि बसवूं नये. फसवणूक झाल्यास लाजेनें गप्प न बसतां तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें. जितका उशीर तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

फोन घेतांना पाहावयाच्या गोष्टी

१. पडदा दुपारच्या उन्हांत वाचतां येतो काय?
२. नांगराच्या पाळीपासून रात्रीच्या दाऱ्यापर्यंत बॅटरी पुरते काय?
३. आपल्या शिवारांत ज्या कंपनीची रेंज आहे तिचें सिमकार्ड घेतलें काय? दोन सिमकार्डांची सोय असल्यास उत्तम.
४. मोकळ्या जागीं उभें राहिल्यावर फोन आपली जागा किती लवकर व किती बरोबर दाखवितो?
५. जवळून घेतलेल्या पानाचें चित्र स्पष्ट येतें काय? मेगापिक्सेलचा आंकडा विचारूं नये, चित्र पाहावें.
६. सुरक्षेच्या सुधारणा आणखी किती वर्षें मिळणार, आणि दुरुस्ती तालुक्याच्या गांवीं होते काय?
७. मराठींत बोलून लिहितां येतें काय? ज्यांस अक्षरें टिपणें जड जातें त्यांस ही सोय फार उपयोगी आहे. मात्र गांवांचीं व पिकांचीं नांवें वाचून दुरुस्त करावीं.

एकंदरींत आमचें पहिलें मत असें झालें कीं, हें साधन नोंद ठेवण्यास व सूचना पोहोंचविण्यास उत्तम, अंदाजास मध्यम, आणि निर्णयास अपुरें आहे. निर्णय शेतकऱ्यानेंच करावयाचा. अडचण अशी आहे कीं पुष्कळ घरांत फोन एकाच्या खिशांत, शेत दुसऱ्याच्या अंगावर आणि पिन तिसऱ्यास ठाऊक, अशी विभागणी असते. शेतावर राबणाऱ्या स्त्रीच्या हातीं तर तो क्वचितच येतो. जो शेतांत उभा राहतो, त्यासच पिकाची नोंद करतां आली पाहिजे व विजेची सूचना वाचतां आली पाहिजे. नाहीं तर कितीहि किंमतीचा फोन असला तरी तो घरांतील एक खेळणेंच. मुलांनीं आपल्या आईवडिलांस एवढ्या दोन गोष्टी शेजारीं बसून शिकविल्या तर फोनाची अर्धी किंमत त्याच दिवशीं वसूल झाली असें आम्ही समजूं.

शेतीच्या अडचणींसाठीं किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा विनामूल्य क्रमांक आहे. मराठींत बोलतां येतें. ज्या सभासदांनीं ई-पीक पाहणी स्वतः केली आहे त्यांनीं आपल्या गांवाचें नांव, पीक व आलेली अडचण लिहून कळवावी. सर्वांच्या उपयोगाचें असेल तेवढें पुढील अंकांत देऊं.